रिकाम्या टरफलांची मोजणी

आपली लेक विषारी शैवाल ओळखते, हे अप्पांनी धक्क्यावर इतक्या वेळा सांगितलं होतं की लोक त्यांना लांबून पाहूनच रस्ता बदलत. आता शैवाल ओळखण्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा खुशाल! पण हे शैवाल डोळ्यांना दिसतच नाही. समोरच्या प्रवाळाच्या रांगांमध्ये तळाशी जे समुद्री गवत वाढतं, त्याच्या पानांना ते चिकटून बसतं. पान लहान मासा कुरतडतो, लहान माशाला मोठा खातो, आणि मोठा आपल्या ताटात येतो. कितीही शिजवा, विष जात नाही. मग माणसाचं असं काही बिनसतं की गार पाण्याचेही हाताला चटके बसतात. या शैवालाचं शास्त्रीय नाव उच्चारताना जिभेला गाठ पडायची, म्हणून लेक काम करायची त्या लॅबमध्ये सगळे त्याला 'भिंगरी' म्हणत, कारण ते जिवंत असलं की गोल गोल फिरतं.

तीन आठवड्यांपूर्वी या लेकीने, म्हणजे ताईने, भिंगरीची मोजणी पहिल्यांदाच एकटीने केली. आकडा निघाला तीनशे बारा. लॅबने ठरवलेली हद्द दोनशेची. खालची सही ताईची, आणि प्रवाळावरची मासेमारी बंद! अप्पांची होडीही त्यातच आली. दुसऱ्या कोणी बाप असता तर कपाळाला आठ्या घातल्या असत्या. अप्पांची मात्र छाती फुगली. "माझ्या पोरीने बंद केलाय समुद्र," असं ते ऐटीत सांगत फिरले.

फिरून झाल्यावर घरी बसले, तिथे गडबड झाली. ज्या वस्तू बिघडल्या नव्हत्या त्या त्यांनी दुरुस्त करायला घेतल्या. पंखा बडबडू लागला. स्वयंपाकघरातला खण एकदा उघडला तो मिटायचं नाव घेईना. आईने एका सकाळी ताईला दारात गाठलं. "हे बघ बाई, एक तर समुद्र उघड, नाहीतर तुझ्या बापाला त्या लॅबमध्ये कुलूप लावून ठेव. मी हात टेकले."

त्याच सकाळी नवा नमुना आला होता. ताईने बाटली हलवून गवतावरची भिंगरी पाण्यात उतरवली, पाणी चाळणीतून गाळलं आणि थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आधी साध्या उजेडात पाहायचं, मग रंग घालून निळ्या उजेडात, अशी तिथली रीत. साध्या उजेडात कितीतरी भिंगऱ्या पारदर्शक दिसल्या. आत तपकिरी काहीच नाही. म्हणजे मेलेल्या, नुसती टरफलं उरलेली. ताईने ती सोडून जिवंत तेवढ्या मोजल्या. साठ. झकास! समुद्र उघडणार म्हणून ती खुर्चीतच गिरकी घेणार होती, एवढ्यात तिला मागची मोजणी आठवली.

मागच्या वेळी टरफलं सोडली होती का आपण?

नव्हती सोडली. पहिलीच मोजणी, उत्साहाला उधाण. साध्या उजेडाची पायरी वगळून ती थेट निळ्यावर गेली होती. आणि निळ्या उजेडात टरफल भरलेलं असो की रिकामं, सारखंच झगमगतं. तिने कपाटातून औषध घालून होती तशी टिकवलेली जुनी बाटली काढली आणि पुन्हा मोजलं. जिवंत निघाल्या एक्क्याण्णव. बाकी सगळी टरफलं! बंदी घालायचं काही कारणच नव्हतं.

आजच्या साठांवर समुद्र तसाही उघडणार होता. जुनी बाटली कोण मागतंय? गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. तिच्याही बापाला कळलं नसतं, आणि तेच तिच्या घशाखाली उतरेना. ते आजही धक्क्यावर तिचं नाव मिरवत असतील. ती उठली आणि दोन्ही बाटल्या घेऊन बाईंकडे गेली.

बाई लॅबच्या प्रमुख. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा वर सरकवला आणि जुन्या नमुन्यावर अर्धा तास वाकून राहिल्या. ताईचा जीव टांगणीला.

"नव्वद," शेवटी बाई म्हणाल्या. "तुझ्या एक्क्याण्णव. ती एक कुठून पैदा केलीस?"

ताईला हसावं की रडावं कळेना.

"दोन महिने तुझी प्रत्येक मोजणी मी पुन्हा करणार," बाई म्हणाल्या. "आणि बंदीची सूचना धक्क्यावरच्या फळ्यावर लागली होती ना? मग चूकही तिथेच लागेल. जिने मोजलं तिनेच लावायची."

दुपारी धक्क्यावर सगळे जमले. अप्पा पुढेच, इस्त्रीचा सदरा घालून. ताईने कागद मोठ्याने वाचला. मासेमारी आजपासून सुरू, आणि मागची बंदी चुकीची होती, चूक माझी. वाचताना तिचा आवाज दोनदा फाटला.

मिशाळ काका म्हणजे धक्क्यावरचा सगळ्यात तोंडाळ होडीवाला. ते पुढे आले. "म्हणजे तीन आठवडे आम्ही टरफलांना घाबरून घरी बसलो?"

"हो, काका."

"अगं, तीन आठवडे बायकोने माझ्याकडून भिंती रंगवून घेतल्या!"

काही जण हसले, काही नाही. अप्पा मात्र एक शब्द बोलले नाहीत. कधी नव्हे ते गप्प. वळले आणि होडीकडे चालू लागले. ताईला वाटलं, कोणी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

घरीही तेच. पहाटे जायचं, आल्यावर जेवायचं, झोपायचं. आठवडा असाच गेला. आईने समजावलं, "अगं, दमतात ते." पण ताईला ते पटलं नाही.

मग एका दुपारी लॅबच्या दारात मिशाळ काका हजर. हातात ठिबकणारी पिशवी, चेहऱ्यावर मोठी कामगिरी केल्याचा भाव. "पलीकडच्या खाडीत जाळं टाकायचंय. हे तिथलं गवत. बघून सांग, आहे का तुझी ती भिंगरी."

ताईने पिशवी उघडली. गवत कसं हिरवंगार, लखलखीत. "काका, एवढं स्वच्छ कसं?"

"नळाखाली तीनदा धुतलं! तुमच्याकडे घाण कशाला आणायची?"

ताईने डोक्याला हात लावला. "अहो, तीच तर घाण मला हवी होती! पानावरचं सगळं तुमच्या मोरीतून गेलं." मिशाळ काकांचा चेहरा असा काही पडला की ती हसत सुटली. मग तिने विचारलं, "पण तुम्ही माझ्याकडे कसे आलात? बाईंकडे जायचं."

"तिकडेच निघालो होतो. तुझा बाप आडवा आला." काका पिशवीची गाठ मारत म्हणाले. "म्हणाला, माझ्या पोरीकडे जा. ती चुकली तर चुकले म्हणून चारचौघांत सांगते. मला तिच्या वयात ते जमलं नव्हतं, तिने कागद वाचला त्या दिवसापासून आठवडाभर हेच डोक्यात घोळतंय. आता हे तुला सांगू नकोस म्हणाला होता, पण माझ्या पोटात काही राहत नाही."

ताईने डोळे पुसले, कपाटातून रिकामी बाटली काढली आणि काकांच्या हातात दिली. "नवीन गवत आणा, काका. समुद्राच्या पाण्यात बुडवून. आणि नळाजवळ फिरकायचं नाही."