फोटोखालचा डबा

लिफ्टमधून बाहेर पाय टाकायला जागा नव्हती. अख्खा मजला चपलांनी भरला होता. पूनम सागर वसाहतीतल्या आमच्या इमारतीत एवढ्या चपला मी गणपतीतसुद्धा पाहिलेल्या नाहीत. अनसूयाकाकूंच्या दारातून धुपाचा धूर बाहेर येत होता आणि आत गच्च भरलेल्या हॉलमध्ये माणसं श्वास रोखून एकाच भिंतीकडे बघत होती. भिंतीवर गुणवंतकाकांचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोखाली अलार्मचा पांढरा डबा.

"गुणवंता," महिपत महाराज डोळे मिटून म्हणाले, "आलास का रे बाळा? तुझी अनसूया, तुझा नीरज, तुझे शेजारीपाजारी, सगळे तुझी वाट बघतायत. आलास का?"

"टिट्," डबा वाजला.

हॉलभर शहारा गेला. समोरच्या फ्लॅटमधल्या पिंकीबेन पदराने डोळे पुसायला लागल्या.

"अनसूयेवर लक्ष आहे ना?"

"टिट्."

"माझ्या हातून होणारी सेवा तुला पावते ना रे?"

"टिट्."

मी दारातच उभी होते. मी शांती नगरमधल्या शाळेत विज्ञान शिकवते आणि पोरांच्या तोंडी परीक्षा घेऊन घेऊन माझे कान तयार झाले आहेत. महाराज एकही असा प्रश्न विचारत नव्हते ज्याचं उत्तर 'नाही' येऊ शकेल. शिवाय त्यांचा प्रश्न मध्येच लांबायचा, मध्येच आखडायचा. डबा मात्र आपल्या ठरलेल्या अंतरानेच वाजत होता. महाराजांनी त्याचा ताल पकडला होता आणि प्रश्न त्यात बसवत होते, एवढंच.

शेवटी त्यांनी भस्माची चिमूट घेतली, "विश्राम घे आता" म्हणत डब्यावर अंगठा दाबून फासली, आणि डबा गप्प झाला. मग जयजयकार झाला. मग दक्षिणेचं ताट फिरलं.

"वरच्या लोकातल्या लहरी फार नाजूक असतात," महाराज समजावून सांगू लागले. "तुमचं ते वायफाय म्हणजे हीन लहरी. त्या चालू असल्या की आत्म्याला वाट सापडत नाही. मागे एकदा नीरजने ऑफिसच्या कामासाठी नेट चालू ठेवलं, तेव्हा आला का गुणवंत? नाही आला. म्हणून सांगतो, दिवेलागणीला नेट बंद म्हणजे बंद!"

माणसांनी माना डोलावल्या. मला मात्र हसूही येईना. तो नियम मुळात गुणवंतकाकांचा होता. गिरगावातली खोली सोडून ही मंडळी इथे आली तेव्हापासून त्या घरात दिवेलागणीला टीव्ही बंद असायचा. पुढे नेट आलं तसं नेटही बंद व्हायला लागलं. काकू समई लावायच्या, काका राऊटरचं बटण खाली करायचे, आणि जेवणं होईपर्यंत कुणी मोबाईलमध्ये तोंड घालायचं नाही. काका गेल्यावर ते बटण काकू बंद करायला लागल्या. नवऱ्याची आठवण म्हणून त्यांनी तो नियम एक दिवसही मोडला नाही.

डबाही काकांनीच बसवून घेतला होता. काकूंचा चालताना तोल जायचा. म्हणून दाराखिडक्यांच्या अलार्मबरोबर काकूंच्या गळ्यात एक छोटं बटण आलं. ते दाबलं की डबा घरच्या फोनवरून कंपनीच्या केंद्राला कळवायचा, तिथून लगेच फोन यायचा, आणि कुणी उचलला नाही तर माणूस यायचा. काका म्हणायचे, "मी नसलो तरी हिच्यासाठी कुणीतरी धावून यायला हवं."

काका गेले, आणि काही महिन्यांनी डबा बोलायला लागला. रोज दिवेलागणीला. समई लागली की थोड्या वेळात फोटोखालून 'टिट्'. काकूंना वाटलं, हे आले. एवढा मोठा संसार केलेल्या बाईला तसं वाटणारच, त्यात त्यांची काही चूक नव्हती. माझा राग होता तो काशीमीऱ्याच्या गॅरेजांमागे मठ थाटून बसलेल्या या महिपतवर. कुणाच्या तरी ओळखीने तो घरात शिरला आणि दर गुरुवारी दरबार भरवायला लागला.

आणि खरी काळजी वेगळीच होती. मागच्या महिन्यात काकू संध्याकाळच्या वेळी बाथरूममध्ये पडल्या. घरात कुणी नव्हतं. त्यांनी गळ्यातलं बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. फोन वाजला नाही, कुणी आलं नाही. नीरज ऑफिसातून घरी आला तेव्हा त्या ओल्या फरशीवर थरथरत पडल्या होत्या आणि बाहेर डबा टिट् टिट् करत होता. महाराजांनी त्याचाही चमत्कार केला. म्हणे, गुणवंत जवळ बसून धीर देत होता.

"पण काकू, बटण दाबल्यावर कुणी का आलं नाही?" मी विचारलं होतं.

"अगं नीलिमा, हे होते ना जवळ," काकू म्हणाल्या. "मग आणखी कुणाला कशाला यायला हवं?"



त्या गुरुवारी निघताना महाराजांनी शेवटचा हुकूम सोडला. "पुढच्या गुरुवारी हा डबा मठात न्यायचा. तिथे गुणवंताला आसन देऊ. आणि अनसूये, गळ्यातलं ते प्लॅस्टिक काढ. त्याला अपमान वाटतो. हा ताईत घाल."

काकूंनी लगेच बटणाकडे हात नेला. मी नीरजला जिन्यात गाठलं.

"अरे, निदान ते बटण तरी काढू देऊ नकोस. परत पडल्या तर?"

"नीलिमाताई, मलाही पटत नाहीये," तो खाली बघत म्हणाला. "पण बाबा गेल्यापासून आई आत्ता कुठे नीट जेवतेय. रोज संध्याकाळी साडी बदलून बसते. मी काय सांगू तिला? की बाबा येत नाहीत?"

नुसतं 'हे खोटं आहे' म्हणून भागत नाही, खरं काय आहे ते दाखवावं लागतं. आणि ते मला अजून ठाऊक नव्हतं.

ते कळलं रविवारी दुपारी. मी काकूंकडे भाजी द्यायला गेले होते आणि लाईट गेली. पंखा थांबला. जरा वेळाने डबा आतल्या बॅटरीवर वाजला, "टिट्."

काकू गडबडून उठल्या. "आत्ता? भर दुपारी? समईसुद्धा लावलेली नाही गं!"

मी वॉचमनला विचारावं म्हणून घरचा फोन उचलला, तर तो मेलेला.

"काकू, पूर्वी लाईट गेली तरी हा फोन चालायचा ना?"

"चालायचा की. मध्ये नीरजने बदलून घेतला. नंबर तोच, फक्त आता नेटवरून चालतो म्हणाला. स्वस्त पडतो."

तेवढ्यात लाईट आली. राऊटरचे दिवे लुकलुकून स्थिर झाले, फोनमध्ये सूर आला, आणि डबा आपोआप गप्प झाला. भस्म नाही, मंत्र नाही. माझ्या अंगावर काटा आला, भुताच्या भीतीने नव्हे.

मी घरी येऊन अलार्म कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी सरळ म्हणाली, "मॅडम, फोनची लाइन मिळाली नाही की पॅनल, म्हणजे तो भिंतीवरचा डबा, बीप देतो. त्यावरचं कुठलंही बटण दाबलं तर आवाज बंद होतो, पण लाइन बंदच राहते. तुम्ही फोन नेटवर नेलात ते आम्हाला कळवलं होतं का? त्यानंतर टेस्ट घ्यायची असते."

कुणीही कळवलं नव्हतं. कुणीही टेस्ट घेतली नव्हती. मी नीरजला सगळं सांगितलं.

गुरुवारी पुन्हा चपला, पुन्हा धूर. काकूंनी समई लावली, राऊटरचं बटण खाली केलं. डबा वाजायला लागला तशी मी पुढे झाले.

"महाराज, एक प्रश्न मलाही विचारायचाय."

"अश्रद्ध माणसाला तो उत्तर देत नाही," महाराज म्हणाले.

"बघू या." मी डब्याकडे वळले आणि ताल धरला. "काका, आत्ता काकू पडल्या आणि त्यांनी बटण दाबलं, तर बाहेर कुणालाही कळणार नाही, खरं ना?"

"टिट्."

"हे महाराज लोकांना फसवतायत, खरं ना?"

"टिट्."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. महाराजांनी भस्माचा अंगठा पुढे केला. मी त्यांच्या आधी डब्यावर बोट ठेवलं, एक बटण दाबलं. आवाज थांबला.

"भस्म लागत नाही, बोट लागतं," मी म्हणाले. "काकू, आता गळ्यातलं बटण दाबा. एकदाच, माझ्यासाठी."

काकूंनी बटण काढलं नव्हतं, नीरजने काढू दिलं नव्हतं. त्यांनी ते दाबलं. सगळे थांबले. समईची वात चरचरली. खाली रस्त्यावर रिक्षावाले भांडत होते ते ऐकू आलं. फोन वाजला नाही.

मग नीरज उठला आणि त्याने राऊटर चालू केला. दिवे स्थिर व्हायची वाट बघितली. काकूंनी पुन्हा बटण दाबलं. थोड्याच वेळात घरचा फोन खणखणला. नीरजने स्पीकर लावला.

"नमस्कार, अनसूया मॅडमच्या बटणावरून सिग्नल आलाय. त्या ठीक आहेत ना? की माणूस पाठवू?"

नीरज म्हणाला, "ठीक आहे ती. टेस्ट घेत होतो."

महाराज उपरणं सावरत उठले. "यंत्रात हीन लहरी शिरल्या. मठात नेऊन शुद्ध करावं लागेल." त्यांचा हात डब्याकडे गेला.

"महाराज," पिंकीबेन आडव्या उभ्या राहिल्या, "डब्बा तो यहीं रहेगा. आप जाओ."

ते गेले. जाताना दोघातिघांनी त्यांच्या पाया पडून घेतलंच. तेही मी पाहिलं, आणि ते अजून मला छळतं.

हॉल रिकामा झाल्यावर काकूंनी विचारलं, "म्हणजे मी पडले त्या दिवशी हे नव्हते आलेले?"

"नव्हते, काकू. लाइन मिळत नाही, एवढंच डबा सांगत होता."

"आणि राऊटरचं बटण मीच बंद केलं होतं."

"फोन मी बदलला, आई," नीरज म्हणाला आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "मी कुणाला विचारलंसुद्धा नाही." काकू त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, त्याचीच मला भीती वाटली.

मी हे लिहितेय ते महाराजांची फजिती सांगायला नाही. असले महाराज उद्या दुसऱ्या इमारतीत जातील. मला तुम्हाला एवढंच सांगायचंय, की घरातलं यंत्र ओरडायला लागलं तर हात जोडण्याआधी ते का ओरडतंय ते विचारा. फोन नेटवर नेला असेल तर अलार्मवाल्यांना आजच कळवा, आणि राऊटर बंद करून एकदा बटण दाबून बघा. काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कुणाच्याही सांगण्यावर, अगदी माझ्याही, जाऊ नका.

नीरजने राऊटरला बॅटरी बसवली, लाईट गेली तरी डब्याला लाइन मिळावी म्हणून कंपनीकडून त्यात सिमकार्ड घालून घेतलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी काकूंकडे गेले. त्यांनी समई लावली आणि सवयीने हात राऊटरच्या बटणाकडे नेला. तिथेच थांबवला. मग नीरजचा आणि माझाही मोबाईल मागून घेऊन त्यांनी कपाटात ठेवला, आणि आम्ही तिघं फोटोसमोर बसलो. डबा गप्प होता. बराच वेळ गप्प होता.

"आज काही बोलले नाहीत," काकू म्हणाल्या.

"नाही बोलले म्हणजे सगळं ठीक आहे, काकू."

त्यांनी गळ्यातलं बटण मुठीत धरलं आणि मान हलवली. "कळतंय गं मला," त्या म्हणाल्या. "पण घर किती शांत झालंय."