आठ तास नऊ मिनिटं

पलंगावरून खुर्चीत : ७ मिनिटं ४० सेकंद

पांघरुणाखाली पुन्हा टिक् वाजलं.

सुनेने सासूच्या काखेत हात घातले होते, गुडघा पलंगाच्या कडेला टेकवला होता आणि "एक, दोन" म्हणून झालं होतं. तीनला उचलायचं. पण टिक् ऐकून तिचे हात तिथेच थांबले. सहा दिवस तिला वाटत होतं, पलंगाचा एखादा स्क्रू ढिला झालाय. आज तिने पांघरूण बाजूला सारलं. सासूच्या डाव्या मुठीत स्टॉपवॉच होतं.

"आई, हे काय?"

"काही नाही. उचल."

दीड वर्षापूर्वी सासूचं उजवं अंग गेलं होतं, जीभही जड झाली होती. पण डावी मूठ अशी आवळलेली की सोडवायला दोघं लागली असती.

सासूने एकतीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात वेळ मोजण्याचं काम केलं होतं. शिवणाऱ्या बाईच्या पाठीमागे उभं राहायचं, कॉलर जोडायला किती सेकंद, बटण लावायला किती, ते लिहायचं. त्यावरून मजुरीचा दर ठरायचा. बायका तिला सेकंदबाई म्हणायच्या, आणि तोंडावर म्हणायच्या.

आता सेकंदबाई सुनेच्या पाठीमागे उभी होती. पलंगावर पडल्यापडल्या.

अंघोळ : १९ मिनिटं (हा आकडा नंतर खोडलेला)

"मी काही तुमच्या कारखान्यातली बाई नाही, आई. माझाही दर ठरवायचाय का?"

"पाणी गरम आहे," सासू म्हणाली.

रोज पाऊण तासाच्या आसपास चालणारी अंघोळ सुनेने रागाच्या भरात एकोणीस मिनिटांत उरकली. पाठ, काख, पायाच्या बोटांच्या बेचक्या, काही सोडलं नाही, पण हात असे चालले जसं कुणी मागे लागलंय. घे, मोज. मोज किती मोजायचं ते!

मग दुपारची बाई आली. ती चार तास थांबायची आणि तेवढ्या वेळात सून चष्म्याच्या दुकानात जाऊन काचा घासून फ्रेममध्ये बसवून यायची. पूर्वी पूर्ण दिवसाची नोकरी होती, सासू पडल्यापासून अर्ध्या दिवसाची झाली होती.

मालक त्या दिवशी म्हणाले, "बाई, तुमच्यासारखा हात दुसरा नाही. पण अर्ध्या दिवसात अर्धीच गिऱ्हाइकं चष्मा घालून जातात, बाकीची चाचपडत. पहिल्या तारखेपासून पूर्ण दिवस जमेल का? नाहीतर मला माणूस बघावा लागेल."

पहिल्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

तक्ता : वेळ लिहिलेली नाही

रविवारी सकाळी नवऱ्याने चौकटीच्या कागदावर दोन रकाने आखले. एकावर लिहिलं घर, दुसऱ्यावर सेंटर. आजारी म्हाताऱ्यांना ठेवून घेणारं शुश्रूषा केंद्र तो बघून आला होता. मोठी बहीण फोनच्या स्पीकरवर होती, कारण निम्मा खर्च ती पाठवायची. सासूची खुर्ची टेबलाशी आणली होती. तिच्याविषयीचं तिच्या पाठीमागे बोलायचं नाही, एवढं या घराने पाळलं होतं.

"सेंटरचे महिन्याला अडतीस हजार," नवरा म्हणाला. "आता घर. दुपारच्या बाईंचे नऊ. व्यायाम घेणाऱ्याचे सहा. डायपर साडेचार. पलंगाचं भाडं साडेतीन. झाले तेवीस. औषधं दोन्हीकडे तीच."

"म्हणजे घर पंधरा हजारांनी स्वस्त," फोनमधून ताई म्हणाली. "मग घोळ कसला घालतोयस? आणि घरचं ते घरचं."

"हो ना."

सून हात पुसत उभी होती. दुकानाचं तिने घरात सांगितलं होतं, नवऱ्याने ते ऐकलंही होतं. पण दुकानाला दोन्हीपैकी एकाही रकान्यात जागा नव्हती. नाहीतर नाही, तिने मनाशी म्हटलं. बाईमाणसाची नोकरी गेली म्हणून कुणी सुतक पाळत नाही.

"एक ओळ राहिली," सासू म्हणाली.

तिने डाव्या हाताने मांडीखालून वही ओढली. डाव्या हाताचं अक्षर वाकडंतिकडं, पण ओळी सरळ होत्या. सगळे बघत राहिले. उठवणं, तोंड धुणं, अंघोळ, भरवणं, कूस बदलणं सात वेळा, चादर, पुन्हा चादर. प्रत्येकापुढे मिनिटं आणि सेकंद.

"रोजचे पाच तास चाळीस मिनिटं," सासू म्हणाली. एकेक शब्द ती उचलून ठेवत होती. "दुपारच्या बाईचे सोडून. हिचे."

नवरा वहीकडे बघत राहिला. "आई, तू हिला मोजत होतीस?"

"सांगून मोजलं की माणूस बदलतो. कारखान्यात बायका मुद्दाम हळू व्हायच्या. ही येडी उलट पळत सुटली." तिने खोडलेल्या एकोणीसवर बोट ठेवलं. "तो दिवस धरला नाही."

सुनेला हसू आलं, ते लपवायला ती खोकली.

"आता वेगाचा आकडा," सासू म्हणाली. "साधारण हात म्हणजे शंभर. हात जेवढा चलाख, तेवढा साधारण हाताला त्याच कामाला वेळ जास्त. चांगला असेल तर एकशे पाच. एकतीस वर्षांत एकशे दहाच्या वर मी कुणाला दिला नाही. शिव्या खाल्ल्या, पण दिला नाही."

वहीत एकशे पंचवीस लिहिलं होतं.

"त्यावर दमण्याची सूट, पंधरा टक्के. ती नियमाने द्यावी लागते. कर गुणाकार."

नवऱ्याने केला. एकदा केला, मग पुन्हा केला. "आठ तास नऊ मिनिटं."

"एक पूर्ण पाळी. सुट्टी नाही. चार तासांचे नऊ हजार देतोस ना? मग आठचे?"

"अठरा." तो हळू आवाजात म्हणाला. तेवीस आणि अठरा, एक्केचाळीस. घर तीन हजारांनी महाग होतं. कालही होतं, दीड वर्षं होतं.

फोनमधून ताई म्हणाली, "आई, खरंच, मला माहीत नव्हतं गं."

"माहीत होतं. मोजलेलं नव्हतं."

"आई, मी पैसे मागितले का कधी?" सून म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "मी तक्रार केली?"

"नाही केलीस. केली असतीस तर मला एवढं लिहावं लागलं नसतं. डाव्या हाताने." सासूने वही मिटली. "सेंटरमध्ये उचलायला दोघी असतात. मी विचारलंय. मी जाते. तू दुकानात जा."

"मी रोज संध्याकाळी येईन."

"रोज नको. रविवारी ये. आणि आलीस तर कशाला हात लावू नकोस. नुसती बस."

नुसतं बसणं

पूर्ण दिवसाच्या पहिल्या आठवड्यानंतर रविवारी दुपारी सून सेंटरला गेली. खोलीत दोन पलंग होते, मोठी खिडकी होती, आणि सासूच्या पलंगावरची चादर कोपऱ्यात चुरगळली होती. तिचा हात गेलाच. सासूने तो डाव्या हाताने चापटला.

"बस म्हटलं ना."

ती बाजूच्या खुर्चीत बसली. काय करायचं ते तिला कळेना. दीड वर्षात या बाईशेजारी ती नुसती कधी बसलीच नव्हती.

"इथल्या मुली बऱ्या आहेत?"

"आहेत. पायाची बोटं पुसत नाहीत."

"मी सांगते त्यांना."

"सांगितलंय मी. परवापासून पुसतात."

मग बोलायचं संपलं. खिडकीतून ऊन येत होतं. शेजारच्या पलंगावरच्या आजी घोरत होत्या. सून खुर्चीच्या पाठीला टेकली, क्षणभरच टेकायचं म्हणून.

डोळे उघडले तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. ती दचकून ताठ बसली. मधल्या टेबलावर चहाचे दोन कप होते. सेविका कधी येऊन गेली ते तिला कळलंही नव्हतं. दोन्ही कपांवर जाड साय धरली होती. सासूला कुणीतरी कप धरल्याशिवाय चहा घेता यायचा नाही, आणि हाक मारली असती तर सेविका धावत आली असती.

"अहो आई, तुमचा चहा गार झाला की."

"हळू बोल," सासू म्हणाली. "त्या आजी झोपल्यात."

सुनेने एका कपावरची साय चमच्याने काढली, सासूच्या मानेखाली हात घातला आणि कप तिच्या ओठांशी नेला. या वेळी सासूने हात चापटला नाही.