तारखेचा रकाना

बस डेपोत तिला सगळे टाइमटेबलबाई म्हणत. दोनशे दहा चालक, नव्वद गाड्या, कोण कुठल्या पाळीला, कोणाच्या रजेत कोण, हे सगळं ती एका तक्त्यावर बसवायची आणि गाड्या वेळेवर सुटायच्या. अख्खा डेपो तिच्या पेन्सिलीवर चालायचा, आणि घरची चार माणसं एका सहलीला न्यायची म्हटल्यावर मात्र तिच्या नाकी नऊ आले होते.

सहल होती वाळवंटातल्या सीमेवरच्या शहराची. तीन दिवस, आई, दादा, धाकटी आणि ती. पहिला तक्ता तिने दोन महिन्यांपूर्वी केला होता, आता सातवा चालू होता. दादाचं पंपांचं दुकान, पण त्याला हवं होतं रणगाड्यांचं संग्रहालय. धाकटी शाळेत शिकवायची, तिला बाजारपेठ, तळं आणि उंटावरून सूर्यास्त. ते बसवलं तर दादाला ओस पडलेलं जुनं गाव आठवलं. ते बसवलं तर धाकटीने शोधून काढलं की किल्ला दुपारी बंद असतो. एवढं सगळं जुळवून तिने तारीख विचारली की दोघं एका सुरात म्हणायचे, बघू. दादाचा माल यायचा होता, धाकटीच्या परीक्षा होत्या. फोनवर बघू, जेवताना बघू, निघताना चपला घालता घालता बघू. त्या एका शब्दाने तिचं डोकं उठायला लागलं होतं.

आईला एकच जागा हवी होती. शहरापासून तासाभरावर, सीमेच्या अलीकडे, टेहळणीचा एक जुना बुरूज होता. वर उभं राहिलं की चारी बाजूंना वाळू आणि दुसरं काही नाही. आईने चाळीस वर्षं रफूचं काम केलं होतं. भारी कपड्याला पडलेलं भोक ती असं बुजवायची की ते कुठे होतं हे मालकालाही बोट ठेवून सांगता येत नसे. चाळीस वर्षं नजर हातभर अंतरावर. "एकदा लांबचं बघायचंय, मधे काही नसलेलं," ती म्हणाली होती, ते डोळ्यांच्या दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना. नजर मधोमध पुसत चाललीय, थांबवता येणार नाही, तीन-चार महिने हातात आहेत असं समजा, असं डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. ऐकायला ही लेक तेवढी सोबत होती. त्याच पायऱ्यांवर आईने तिच्याकडून शब्द घेतला की त्या दोघांना कळता कामा नये. कळलं तर कीव करत नेतील, मग मी वाळू बघू की त्यांची तोंडं, असं तिचं म्हणणं. लेकीने शब्द दिला आणि तेव्हापासून ती आतल्या आत धुमसत होती.

त्या रविवारी सकाळी सगळे आईच्या खोलीत जमले. बुरूज सीमेच्या पट्ट्यात येत असल्यामुळे परवानगी लागायची. माणशी एक अर्ज, फोटो, सही आणि भेटीची तारीख, तीही किमान पंधरा दिवस आधी कळवायची. तिने पाच अर्ज छापून आणले होते, चार माणसांचे आणि एक राखीव. डेपोतही ती एक गाडी कायम राखीव ठेवायची. दादाने अर्ज चाळले, तिची पेन्सिल उचलली आणि तक्त्यातल्या बुरुजावर सरळ रेघ मारली. तिथे बघण्यासारखं आहे काय, नुसती वाळू, तेवढ्यात संग्रहालय निवांत होईल, म्हणाला. डेपोत कोणी अशी रेघ मारली असती तर तिने त्याला महिनाभर पहाटेची पाळी लावली असती.

इथे ती फक्त ओरडली. दोन महिने मी एकटी मरमर करतेय, तुम्हाला साधी तारीख देता येत नाही, आणि रेघा मारायला बरे हात येतात, असं बरंच काही बोलली. बोलता बोलता तिचा आवाज चिरकला. दादा चकितच झाला. "एवढं चिडायला काय झालं? या वर्षी नसेल जमत तर राहू दे. पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी. तिने आईकडे पाहिलं. जे सांगायचं ते ओठांवर आलं होतं आणि दिलेला शब्द आडवा येत होता. आई शांतपणे म्हणाली, "आण तो अर्ज. सही तरी करून ठेवते."

आईने कागद जवळ घेतला, मान वळवून कडेने पाहिला आणि सही केली. सही चौकटीच्या बरीच वर, स्वतःच्या फोटोच्या गालावर सुरू झाली आणि कागद संपल्यावर टेबलावर बोटभर पुढे गेली. दादा हसला. "आई, चौकट खाली आहे." आणि मग त्याचं हसू थांबलं. या बाईचा टाका चाळीस वर्षांत एका धाग्याने चुकला नव्हता. शेजारी रफूची पेटी उघडी होती, तिच्यातली सुई दोऱ्याविना तशीच खोचलेली होती.

"कधीपासून?" त्याने टाइमटेबलबाईला विचारलं. ती टेबलावर उतरलेली सही पुसायला लागली.

"तिला विचारू नकोस, तिला मीच गप्प बसवलंय," आई म्हणाली. आणि दवाखान्यात ऐकलेलं सगळं तिने सपाट आवाजात सांगून टाकलं. "दोन महिने झाले तुम्ही बघू बघू म्हणताय. अरे, बघायचं मला आहे."

धाकटी रडायला लागली. टाइमटेबलबाईचा राग तरीही उतरला नाही, तो आता तिच्या स्वतःवरच होता. हातात असलेल्या तीन-चार महिन्यांतले दोन तिने शब्द पाळण्यात घालवले होते, आणि ते कुठल्याही तक्त्यात परत बसणार नव्हते.

दादाने राखीव अर्ज ओढला. बोटांवर दिवस मोजले. सोळावा दिवस म्हणजे नेमका त्याचा माल यायचा दिवस. तारखेच्या रकान्यात त्याने तीच तारीख लिहिली आणि उरलेल्या तिन्ही अर्जांवरही तीच घातली. बहिणीने चौकटीच्या खालच्या रेघेवर आपली डेपोतली पट्टी घट्ट धरली. आईने अंगठ्याने पट्टीची कड चाचपली आणि तिच्यावरून हळूहळू सही केली. शेवटचं अक्षर तेवढं चौकटीबाहेर राहिलं.

"आणि तुझे रणगाडे?" आईने विचारलं.

"बघ..." दादा म्हणाला आणि शब्द अर्ध्यातच गिळून टाकला. "नंतर. ते कुठे जाताहेत."