दोनशे साबण आणि आंघोळीला जागा नाही

ग्वेनचा पारा सकाळपासूनच चढलेला होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर सवलतीची कुपनं कापायला रविवारच्या वर्तमानपत्राच्या सहा प्रती पसरलेल्या, हातात कात्री, आणि तिचा नवरा रॉय पुन्हा तेच तुणतुणं वाजवत होता.

"आईंची खोली कधी रिकामी करायची? बुधवारी शुश्रूषागृहाच्या बाई घर बघायला येतायत."

"करते म्हटलं ना! ही टूथपेस्टची कुपनं उद्या संपतात. फुकट पडतेय, रॉय."

"अगं, पण आपल्याकडे तळघरभर टूथपेस्ट आहे. दात किती आपल्याला?"

"तू कमावतोस, मी वाचवते. मध्ये तोंड घालू नकोस."

ओहायोतल्या त्या लहानशा गावात ग्वेनसारखी कुपनवाली दुसरी नव्हती, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता. खरं तर ही विद्या तिच्या आईची, अर्लीनची. गावातला कारखाना बंद पडला तेव्हा अर्लीनने पाच पोरं कुपनांवरच वाढवली होती. पण ती आधी पाकिटाच्या पाठीवर यादी लिहायची, मग कात्री हातात घ्यायची. यादीत नसलेलं कुपन शेजारणीला देऊन टाकायची. लेकीने कात्री तेवढी उचलली आणि यादी विसरली.

अर्लीनचा खुबा मोडल्याला दोन महिने झाले होते. ती शुश्रूषागृहात होती. तिथल्या टॅमिकाबाईंनी घर पाहून होकार दिला, तरच तिला लेकीकडे पाठवणार होते. नाहीतर उरलेलं आयुष्य तिथेच, परक्या बाईशेजारच्या खाटेवर.

बुधवारी टॅमिका अर्लीनला घेऊनच आली. म्हातारी दारातून आत शिरली, वॉकर टेकत चार पावलं चालली आणि थांबली. बोळाच्या दोन्ही भिंतींना छतापर्यंत कागदी रुमालांची थप्पी लागली होती. वॉकर मध्येच अडकला.

"तिरका करून बघ ना आई," ग्वेन म्हणाली.

"मी तिरकी होऊ शकत नाही, ग्वेन. माझा खुबा मोडलाय."

टॅमिकाने टेप लावून मोजलं आणि कागदावर लिहिलं. रॉयने थप्पी हटवून वाट केली. पुढे खालच्या न्हाणीघराचं दार उघडलं तर टब काठोकाठ भरलेला: कपडे धुण्याच्या साबणाच्या बाटल्या, आणि त्यांच्यावर अंगाच्या साबणाच्या दोनशे वड्या. आईच्या खोलीत पलंग भिंतीला उभा करून ठेवला होता, आणि त्याच्या जागी बाळांच्या लंगोटांचे खोके होते. या घरात बाळ नव्हतं.

अर्लीन कशीबशी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर टेकली. "कॉफी दे मला. दूध घालून."

ग्वेनने फ्रिज उघडला. आत मोहरीच्या सॉसच्या तेवीस बाटल्या होत्या, दूध नव्हतं.

"दुधावर कुपन येत नाही गं," ती बोलून गेली.

मग म्हातारीचा बांध फुटला. "हे शिकवलं होतं मी तुला? मी कुपनं कापली ती तुम्हाला दूध मिळावं म्हणून! आणि हे लंगोट कुणाचे? शुश्रूषागृहात काम करणारी एक पोरगी, कडेवर तान्हं घेऊन लंगोटांसाठी तीन दुकानं हिंडली. अख्खी फळी कुणीतरी एकटीने उचलून नेली म्हणाली. मी त्या कुणाला तरी तिच्यासमोर शिव्या घातल्या, ग्वेन. माझ्या पोटच्या पोरीला!"

"मी काही चोरलं नाही. कुपनं खरी होती."

"कुपनं खरी होती. गरज खोटी होती. टॅमिका, लिहा तुमच्या कागदावर, की या घरात साबणाला जागा आहे, म्हातारीला नाही."

ग्वेनला उत्तर द्यायचं होतं. गेली चार वर्षं प्रत्येकाला ती उत्तरं देत आली होती. पण आई टेबलाचा कोपरा धरून उठायला बघत होती, परत जायला. ग्वेनला स्वतःचीच इतकी चीड आली की तिने हातातलं कात्रणांचं बाड कचऱ्याच्या डब्यात आपटलं.

"नका लिहू," ती टॅमिकाला म्हणाली. "दोन दिवस द्या."

"शुक्रवारी दुपारी येते," टॅमिका म्हणाली. "टेप घेऊन."

ते दोन दिवस ग्वेन आणि रॉयने पाठ मोडून काम केलं. लंगोट त्या पोरीकडे आणि तिच्यासारख्या इतरांकडे गेले. बाकीचं, तळघरातल्या डबाबंद खाण्यासकट, चर्चच्या अन्नकोठारात नेलं, तर तिथल्या बाईंनी खोके उघडून अर्धे परत केले. "मुदत संपलेलं आम्ही गरिबांना खायला घालत नाही," त्या तोंडावर म्हणाल्या. ग्वेनने मान खाली घालून ते स्वतः कचऱ्यात टाकलं.

शुक्रवारी टॅमिका अर्लीनला घेऊन आली, टेप लावला, वॉकर बोळातून सरळ गेला, आणि तिने कागदावर होकार लिहिला.

मंडळी, कुपन वापरण्यात कमीपणा नाही. कष्टाचा पैसा राखावाच. पण जे आपल्याला लागत नाही ते फुकट मिळालं तरी महागच पडतं, कारण त्याची किंमत घरातलं कुणीतरी किंवा फळीपुढे रिकाम्या हाताने उभं असलेलं कुणीतरी मोजत असतं. आधी यादी लिहा. कात्री पळून जात नाही.

त्या संध्याकाळी अर्लीनने पूर्ण किमतीच्या दुधाची कॉफी घेतली, आणि मग लेकीने तिला रिकाम्या टबात स्टुलावर बसवून आंघोळ घातली. साबणाची एक वडी पुरली.