चार वाजताची गोळी

चार टनांचा साचा हवेत होता आणि ज्योतीरामला जोराची लघवी लागली.

चाकणच्या त्या कारखान्यात तो एकवीस वर्षं क्रेन चालवत होता. छपराखालच्या केबिनपर्यंत बावन्न पायऱ्यांची उभी शिडी. हृदय अशक्त झालं, पायांवर सूज यायला लागली, तेव्हा अंगातलं पाणी काढायची गोळी सुरू झाली. रोज सकाळी एक. ती घेतली की दोन-तीन तास सारखं खाली उतरावं लागे. म्हणून पहिल्या शिफ्टला तो ती टाळू लागला. काल विजयश्रीच्या हाती गोळ्यांचं भरलेलं पाकीट लागलं.

"कामून घेत न्हाईत वो? पाय बघा. बोट दाबलं की खड्डा पडायलाय."

"घेतो उद्यापासून," तो बायकोला म्हणाला होता.

आज घेतली. वर चहासुद्धा प्यायला नाही, तरी व्हायचं ते झालंच.

"मामा, थांबलात का?" वॉकीटॉकीवर सुपरवायझर नवनाथ विचारत होता.

खाली प्रेसभोवती तीन माणसं साचा बसवायला उभी होती. भार लटकत ठेवून केबिन सोडायची नाही, हे ज्योतीरामनेच कितीतरी नव्यांना शिकवलं होतं.

"आलो, आलो."

त्याने मांड्या आवळल्या. साचा इंचाइंचाने उतरत होता. टेकायला वीतभर उरला, तेव्हा पँट गरम झाली. हात हलला नाही. साचा जागेवर बसला, साखळ्या सुटल्या, मग त्याने स्विच बंद केला.

खाली आल्यावर नवनाथने एकदा बघितलं आणि नजर वळवली. अंगातलं जॅकेट काढून पुढे केलं.

"कमरेला बांधा, मामा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं, असं ज्योतीरामला वाटलं.

चौकशीत आजाराचं सगळं निघालं. आठवड्याने कागद आला, उंचीवरच्या कामाला अनफिट. तो घेऊन दोघं नवरा-बायको राजगुरुनगरच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"अहो, शिफ्ट संपल्यावर, दुपारी चारला घेतली असती तरी चाललं असतं. विचारलं का नाही?"

बाईमाणसाला हे कोणत्या शब्दांत विचारायचं, ते ज्योतीरामला आठ महिन्यांत सुचलं नव्हतं.

बाहेर आल्यावर विजयश्री म्हणाली, "आता सांगा की साहेबाला, चारला घेतो म्हणून."

"कागद झालाय," तो म्हणाला. "आन् शिडी चढताना दम बी लागायलाय."

सोमवारपासून तो खाली, इशारे द्यायच्या कामावर लागला. केबिनमध्ये आता रविराज हा नवा चालक होता. पहिला साचा उचलला गेला, मध्येच थोडा डोलला. एवढ्या वरून खालचा माणूस केवढासा दिसतो, हे ज्योतीरामला ठाऊक होतं. त्याने हात नेहमीपेक्षा जरा उंच धरला आणि तो स्थिर ठेवला.