फोस्काची तटावरची फेरी

इटलीतल्या आमच्या लुक्कात सायकल न येणारा माणूस शोधून सापडायचा नाही. पाद्री झगा सावरत सायकलवरून जातात, आमचे म्हातारे डॉक्टर ब्याऐंशीव्या वर्षापर्यंत सायकलवरूनच रोगी तपासायला यायचे, आणि एक नवरी पांढऱ्या पोशाखात सायकल मारत चर्चला गेलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे फोस्काबाई जेव्हा मला म्हणाल्या, "मला सायकल येत नाही, पोरी," तेव्हा मला वाटलं, बाई थट्टा करताहेत.

ऑक्टोबरातला मंगळवार होता. मी सेगवेवरून शहर दाखवायचं काम करते. दोन चाकं, मध्ये उभं राहायला फळी, समोर हँडल. पुढे झुकलं की गाडी पुढे जाते, टाचांवर भार दिला की थांबते. एवढंच शास्त्र आहे. पण ते शिकवायला मला रोज अर्धा तास लागतो आणि रोज कुणीतरी माझ्या पायावरून चाक नेतं.

त्या दिवशी चौघांची नावं होती. दोघी नॉर्वेच्या बहिणी, उंच आणि हसऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या. आणि आमच्याच गावचे नेल्लो आणि फोस्का. तोरिनोला राहणाऱ्या त्यांच्या मुलीनं बापाच्या सत्तराव्या वाढदिवसाची भेट म्हणून ही सफर ठरवली होती.

साडेनऊला नेल्लो आमच्या अंगणात शिरले ते सायकलवरून, फोस्काबाईंना डबलसीट घेऊन. त्या कॅरियरवर एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर पर्स, डोक्याला रुमाल. चाक थांबायच्या आत त्यांनी अशी सहज उडी मारली की कळलं, बाईंचा जन्म यात गेला आहे.

"हे बघ पोरी," नेल्लो उतरता उतरताच म्हणाले, "मी या गावात जन्मलो. पस्तीस वर्षं नगरपालिकेचा माळी होतो. गावाभोवतीच्या तटावरचं एकेक झाड मला ओळखतं. मला माझंच गाव दाखवायला मुलीनं पैसे भरलेत. तिला तोरिनोच्या हवेनं काहीतरी झालंय."

"तुम्ही गाव दाखवा, मी नुसती पुढे राहीन," मी म्हणाले.

"आणि हे डोक्यावर घालायचं?" त्यांनी हेल्मेट नारळासारखं हातात फिरवून पाहिलं. "कुणी ओळखणार तरी नाही, एवढं बरं आहे."

फोस्काबाई भिंतीलगतच्या बाकावर जाऊन बसल्या. "मी याचा कोट धरून बसते. तुम्ही या जाऊन."

"अहो, पण तुमचंही नाव आहे."

"मुलीनं घातलंय. तिला वाटतं आईला काहीही जमतं. मला सायकल येत नाही, पोरी."

मी नेल्लोंना आधी उभं केलं. तिथे गंमत झाली. आयुष्यभर सायकल मारलेला माणूस सेगवेवर सगळ्यात वाईट शिष्य ठरतो, हे मी नेहमी बघते. त्याचा हात ब्रेक शोधतो, पाय पेडल शोधतात, आणि वळताना सगळं अंग हँडलवर पडतं. नेल्लोंची गाडी पुढे गेली, दचकून मागे आली, पुन्हा पुढे गेली.

"थांब म्हणतोय ना तुला!" ते गाडीवर ओरडले.

"टाचा, नेल्लो, टाचा दाबा!"

"टाचाच दाबतोय! या गाडीला कान नाहीत!"

तिसऱ्यांदा त्यांनी चालत्या गाडीवरून उडी मारली आणि ती एकटीच जाऊन जिरेनियमच्या कुंडीला टेकून उभी राहिली. नॉर्वेच्या बहिणी तोवर अंगणात झोकदार गोल घेत होत्या. नेल्लोंनी हेल्मेट काढलं आणि माझ्या हातात दिलं.

"मशीन बिघडलंय," ते म्हणाले. "मी माझ्या सायकलवरून बरोबर येतो. वाढदिवस माझा आहे, मी ठरवणार."

मग ते बाकाकडे वळून म्हणाले, "फोस्का, ऊठ. दोन्ही जागा फुकट घालवल्या तर पोरगी फोनवर तासभर बोलेल."

"मी? वेडा झालास का?"

"नुसती उभी राहून बघ. नाही जमलं तर कॅरियर आहेच."

त्या उठल्या. पर्स नवऱ्याच्या गळ्यात अडकवली, रुमाल सोडून खिशात ठेवला आणि हेल्मेट घालून फळीवर चढल्या. मी हँडल धरून समोर उभी होते. अशा वेळी बहुतेक लोक थरथरतात, माझा हात घट्ट धरतात. फोस्काबाई ओट्याशी उभं राहावं तशा सरळ उभ्या राहिल्या.

"आता?"

"आता मी आहे तिकडे जायचंय असं फक्त मनात आणा."

गाडी मऊपणे माझ्याकडे आली. मी मागे सरले, त्या आल्या. मी हात सोडला. त्या अंगणातल्या विहिरीला वळसा घालून परतल्या, टाचा टेकल्या आणि बरोबर माझ्यासमोर थांबल्या. पाच मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

"एवढंच?" त्यांनी विचारलं.

नेल्लोंनी गळ्यातली पर्स तेवढी नीट केली.

आम्ही निघालो. मी पुढे, माझ्यामागे बहिणी, त्यांच्यामागे फोस्काबाई आणि शेवटी सायकलवर नेल्लो. सान मिकेलेच्या चौकात मी थांबून चर्चच्या दर्शनी भिंतीची गोष्ट सांगत होते. माझ्या दोन वाक्यांत नेल्लोंची चार व्हायची. त्यातली बहुतेक चर्चबद्दल नसून तिथल्या कबुतरांबद्दल असायची. बहिणींना मी इंग्रजीत सांगायचे तेव्हा त्या विचारत, "आणि ते काय म्हणाले?" त्यांना माझ्यापेक्षा तेच आवडू लागले होते.

गोल चौकात कसायाची बायको आर्जिया कुत्र्याला फिरवत होती. ती रस्त्यातच थबकली.

"फोस्का! अगं बाई! तू आहेस का ही?"

"मीच आहे."

"या वयात कशावर चढलीस?"

"तू स्टुलावर चढून खिडक्या पुसतेस ते चालतं का?" फोस्काबाई न थांबता म्हणाल्या. आर्जियाचं कुत्रं भुंकत त्यांच्यामागे दहा पावलं धावलं आणि आर्जिया कुत्र्यामागे.

चढाच्या रस्त्यानं आम्ही तटावर आलो. वर हवा वेगळी असते. डाव्या हाताला गावची कौलं, उजवीकडे हिरवळ आणि लांब डोंगर, मधून झाडांचा रुंद रस्ता. पानं पिवळी पडून गळत होती. मी रोजच्यासारखं एका चिनाराकडे बोट दाखवून म्हणाले की हा दोनशे वर्षांचा आहे.

"हा?" मागून आवाज आला. "हा मी लावला. सत्याऐंशी साली. दोनशे वर्षांचा तो, पलीकडचा. आणि तोही फारच अशक्त आहे, त्याचं नाव काढू नकोस."

दोन वर्षं मी चुकीचं झाड दाखवत होते. त्या दिवसानंतर बरोबर दाखवते.

तिसऱ्या बुरुजापाशी फोस्काबाईंनी गाडी थांबवली. बुरुजाच्या कडेला लॉरेलची दाट झुडपं आहेत.

"इथे," त्या म्हणाल्या.

"इथे काय?" नेल्लोंनी विचारलं, पण त्यांचा चेहरा सांगत होता की त्यांना माहीत आहे.

फोस्काबाईंनी मला सांगितलं. त्या वरच्या डोंगरातल्या. तिथे सायकल कुणाकडेच नव्हती, सगळा चढ आणि उतार. बाविसाव्या वर्षी लग्न होऊन लुक्कात आल्या. पहिल्याच रविवारी नेल्लो त्यांना सायकल शिकवायला तटावर घेऊन आले, सासूही बघायला आली. फोस्काबाई सरळ या झुडपात गेल्या. पाय वर, डोकं आत.

"आणि हा हसला. इतका हसला की खाली बसला. आणि याची आईसुद्धा."

"मी हसलो नाही."

"नेल्लो."

"थोडा हसलो."

"मी घरी चालत गेले. म्हटलं, आता पुन्हा नाही. पंचेचाळीस वर्षं झाली."

नेल्लो सायकलचा दांडा धरून उभे होते. "पंचेचाळीस वर्षं तू हे मनात धरून बसलीस?"

"बसले कुठे? धुणं धुतलं, मुलगी वाढवली, तुझ्या आईचं केलं. ते आपलं एका कोपऱ्यात होतं."

नेल्लोंनी जरा घसा साफ केला. "मला वाटलं होतं, तुला मागे बसायलाच आवडतं."

"आवडतंही. पण तू कधी विचारलं नाहीस."

"नाही विचारलं," ते म्हणाले. मग पुन्हा, हळू आवाजात, "हसायला नको होतं मी. तुझी टाच रक्ताळली होती, ते मी घरी गेल्यावर पाहिलं."

नॉर्वेच्या धाकट्या बहिणीनं मला विचारलं काय चाललंय, आणि मी म्हणाले, जुन्या झाडाबद्दल आहे.

फोस्काबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "पोरी, मी या बुरुजाला एकटीनं वळसा घालून येऊ का?"

नियमात हे बसत नाही. गट सोडायचा नाही, असं आमच्या मालकांनी भिंतीवर लिहून लावलं आहे. पण बुरुजाची वाट मोकळी होती, दोन मिनिटांचं काम. मी म्हणाले, "या जाऊन. सावकाश."

त्या गेल्या. झाडांआड त्यांचा निळा कोट दिसला, मग दिसेनासा झाला. दोन मिनिटं झाली. पाच झाली. नेल्लो बुरुजाच्या टोकापर्यंत जाऊन आले.

"तिथे नाहीये ती."

बहिणींना सोडून मला जाता येईना.

"मी बघतो," म्हणत नेल्लोंनी सायकलवर टांग टाकली आणि पर्स गळ्यात झुलवत निघाले.

पुढची वीस मिनिटं मी त्या बहिणींना काय सांगितलं मला आठवत नाही. बहुधा एकाच मनोऱ्याबद्दल तीनदा सांगितलं. शेवटी थोरली बहीण माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "त्या बघा."

फोस्काबाई आल्या होत्या. पण गेल्या त्या बाजूनं नाही, दुसऱ्याच बाजूनं. सरळ उभ्या, हेल्मेट जरा मागे सरकलेलं, गाल लाल. सबंध तटाला फेरी घालून आल्या होत्या. चार किलोमीटर.

"सिन्योरा!" मी जवळजवळ रडतच होते. "अहो, बुरुजाला म्हणाला होतात!"

"हो गं. पण बुरूज संपला आणि रस्ता पुढे होता." त्या हसल्या. "हा सगळा रस्ता मी हजार वेळा केलाय, पोरी. कॅरियरवरून. समोर याची पाठ. उन्हाळ्यात घामेजलेली पाठ, थंडीत कोटाची पाठ. आज पहिल्यांदा समोर रस्ता होता. इकडून डोंगर केवढा दिसतो, मला माहीतच नव्हतं. माझ्या माहेरचा सुद्धा."

नेल्लो त्यानंतर चार मिनिटांनी पोचले. त्याच बाजूनं, तोंडाला फेस आलेला. धापांमुळे त्यांना बोलताच येईना.

"मला वाटलं होतं, मी तुला सहज गाठीन," अखेर ते म्हणाले. "पण दर शंभर पावलांवर कुणीतरी मला थांबवतंय! बोचेचे गोळे फेकत खेळणारे सगळे म्हातारे उठून उभे राहिले. 'नेल्लो, तुझी बायको आत्ता इथून गेली! हात केला आम्हाला!' पुढे औषधवाला. 'नेल्लो, फोस्का सुटली बघ!' अरे, मला माहीत आहे सुटली, मला जाऊ द्या ना! आर्जिया तर म्हणाली, भांडलात का?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही, माझा वाढदिवस आहे."

फोस्काबाई इतक्या हसल्या की मला गाडी धरावी लागली. नेल्लो आधी रागानं बघत होते, मग त्यांनाही राहवेना. ते कठड्यावर बसले, आणि दोघं डोळे पुसत राहिली. बहिणींनी त्यांचा फोटो काढला. तो मला नंतर आला. त्यात नेल्लोंच्या गळ्यात अजून पर्स आहे.

अंगणात परतायला आम्हाला पाऊण तास उशीर झाला. मालक सेत्तिमिओ घड्याळ बघत दारात उभे होते. मी तोंड उघडायच्या आत नेल्लोंनीच सांगून टाकलं की तुमच्या या गाइड पोरीला झाडांची वयं माहीत नाहीत, म्हणून वेळ लागला. सेत्तिमिओ नंतर मला बोलले, पण फार नाही. बहिणींनी जाताना दुसऱ्या दिवसाचीही सफर नोंदवली होती, आणि विचारत होत्या की तो माळी असेल ना.

जेवायची वेळ टळून गेली होती. घरी खिमा भरलेले तोर्देल्ली करून ठेवले होते, फक्त पाण्यात सोडायचे होते, पण फोस्काबाई म्हणाल्या की आज मी ओट्यापाशी उभी राहणार नाही, पुष्कळ उभी राहिले. मग नेल्लोंनी आम्हाला कोपऱ्यावरच्या खानावळीत नेलं. मीही गेले, कारण मला नाही म्हणायची संधीच दिली नाही. आम्ही गव्हाच्या दाण्यांचं घट्ट सूप खाल्लं, वर एकेक पेला लाल वाईन. वेटरनं विचारलं, काय साजरं चाललंय? दोघांनी एकदमच उत्तर दिलं आणि दोन्ही उत्तरं वेगळी होती.

शनिवारी बाजारात मला नेल्लो एकटेच भेटले. हातात यादी, पिशवीत कच्चे टोमॅटो.

"फोस्काबाई कुठे आहेत?" मी घाबरून विचारलं.

"घरी. पोटऱ्या इतक्या धरल्यात की जिना उतरता येत नाही. तीन दिवस खुर्चीत बसून आहे."

"अरे देवा. फार दुखतंय का?"

"दुखतंय ना. पण तक्रार करेल तर शपथ. शेजारच्या बायका रोज येतात, आणि प्रत्येकीला ती पहिल्यापासून सांगते. कालपर्यंत चार किलोमीटर होते. आज सकाळी मी निघालो तेव्हा पाच झाले होते." त्यांनी यादी डोळ्यांजवळ धरली. "हे काय लिहिलंय? बडीशेप का बटाटे?"

मी वाचून सांगितलं. बडीशेप होती. त्यांनी दोन्ही घेतलं आणि घाईनं घरी निघाले.