खंडेनवमीचे हत्यार

आमच्या घराच्या किल्ल्या आधी विठाबाईंच्या कमरेला होत्या. विठाबाई माझ्या सासूबाई. त्यांच्यामागे त्या माझ्याकडे, साखरबाईकडे, आल्या. आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर मी त्या माझी सून सविता हिच्या स्वाधीन केल्या. सविताची लेक वैष्णवी हिच्या हाती मात्र स्कुटीची किल्ली आली. आम्हा तिघींच्या किल्ल्यांनी घर राखले. चौथीच्या किल्लीने मुलीचा जीव राखावा अशी वेळ येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

वैष्णवी नदीपलीकडे शिरूर तालुक्यात एका कारखान्यात कामाला आहे. कंपनीची बस तिला आणि आमच्या वस्तीवर मजुरी करणाऱ्या जाईबाईंची नात सुरेखा हिला राहूच्या फाट्यावर उतरवते. तिथे ठेवलेल्या वैष्णवीच्या स्कुटीवर दोघी घरी येतात. वस्तीपर्यंत दोन्ही बाजूंना माणसाहून उंच ऊस. भाद्रपदापासून त्या रस्त्यावर एक मोटरसायकल उभी राहू लागली. तिला नंबरपाटी नाही, आणि स्वाराच्या हेल्मेटची काच काळी. मुली आल्या की ती सुरू व्हायची. वस्तीची पहिली घरे दिसली की बांधाच्या वाटेने नाहीशी व्हायची.

“तो माझ्या मागं न्हाई, आजी,” वैष्णवी म्हणाली. “सुरेखाच्या मागं हाय. मी असले की लांबनं येतो. मी रजेवर व्हते तवा तिच्या अंगावर गाडी घातली.”

मी दुसऱ्याच दिवशी तिला घेऊन केडगाव स्टेशनाजवळच्या दुकानात गेले. मिरचीच्या फवाऱ्याच्या बोटभर बाटल्या किल्लीच्या कडीला अडकवलेल्या मिळतात, हे वैष्णवीने मोबाइलवर पाहिले होते. दुकानदाराने चार-पाच बाटल्या काचेवर मांडल्या.

“हा गुलाबी न्या, आजी. पोरींना आवडतो.”

“पोरीला आवडायला न्हाई घ्यायचा. समोरच्याला न आवडायला घ्यायचाय.”

त्याने मोठी पिचकारी दाखवली. धुक्यासारखी पसरते, नेम धरावा लागत नाही, म्हणाला.

“आन् वारा आमच्या तोंडावर असला म्हंजी?”

तो वैष्णवीकडे पाहू लागला. मी खळ्यावर बाजरी उपणण्यात हयात घालवली आहे. भुसकट कोणाच्या डोळ्यांत जाते हे मला कोणी शिकवायला नको. मी सरळ धार मारणारी बाटली निवडली. वरचे टोपण एका अंगठ्याने फिरते का, ते वैष्णवीला डोळे मिटून करायला लावले. तळाची मुदत वाचून घेतली. आणि कडी झटक्यात सुटणारी मागितली, कारण किल्ली स्कुटीत अडकलेली असताना तिला लोंबणारे हत्यार काय कामाचे?

“आजी, पोलिसात व्हता का तुम्ही?” दुकानदाराने विचारले.

“सासू व्हते.”

बाटली एक, मुली दोन. दोघींच्या कामाच्या पाळ्या जुळल्या नाहीत की वैष्णवी ती सुरेखाकडे देई. तसे मीच ठरवून दिले होते, आणि त्याला कारण होते. सविता नवी नवरी असताना एका ठेकेदाराच्या माणसाने तिला पाटाच्या कडेला धरले होते. शेजारच्या बांधावर गवत कापणाऱ्या जाईबाई विळा घेऊन मध्ये पडल्या. एवढेच नव्हे, दौंडच्या कोर्टात उभ्या राहून त्यांनी पाहिले तसे सांगितले. त्याबद्दल पूर्ण खरीप हंगाम त्यांना कोणी कामावर बोलावले नाही. तेव्हाच मी म्हटले होते, “जाईबाई, हे देणं माझ्याकडं राहिलं.”

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी सुरेखा बाटली न्यायला आली. उद्या तिला एकटीला कामावर जायचे होते. वैष्णवीने पूजेसाठी रजा घेतली होती.

“उद्या हत्यार देवापुढं राहील,” मी म्हणाले. “पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत न्हाईत. दसऱ्याला ने.”

“बरं, आजी,” ती म्हणाली, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी पाटावर सासऱ्यांची तलवार, कोयते, खुरपी आणि शेवटी ती काळी बाटली, अशी मांडामांड झाली. झेंडूच्या माळा ट्रॅक्टरला गेल्या, मोटरसायकलींना गेल्या. भावकी दर्शनाला येत होती. दुपार कलताना माझे धाकटे दीर मारुतराव यांचा नातू सत्यजीत आला. वाकून पाया पडला. पाटाकडे पाहून हसला.

“आजी, ही बी तलवारच का? मग आज हिला सुट्टी!” आणि सहज विचारावे तसे वैष्णवीला म्हणाला, “तुझी मैत्रीण एकटीच यायची का आज?”

वैष्णवी आत प्रसाद आणायला गेली. तो प्रसादाला थांबला नाही. दारातून त्याची माळ घातलेली मोटरसायकल निघाली, तेव्हा मागे पाटी नव्हती. चार स्क्रूंची भोके तेवढी दिसली.

बस यायची वेळ झाली होती.

मी पाटावरची बाटली उचलली. सविता “अहो आई!” म्हणेपर्यंत मी वैष्णवीच्या मागे स्कुटीवर बसले होते. उसात वारा शिरला होता आणि त्या सळसळीत दुसरे काही ऐकू येत नव्हते. वळणावर मोटरसायकल रस्त्यात आडवी उभी होती, काळ्या काचेचे हेल्मेट तिच्या आरशाला लटकत होते. झेंडूची माळ तुटून मातीत पडली होती. सुरेखाची पाठ उसाला टेकली होती आणि तिची ओढणी सत्यजीतच्या मुठीत होती.

“सत्या!” मी ओरडले.

तो वळला. वारा आमच्याच तोंडावर होता, पण मी मारलेली धार सरळ त्याच्या डोळ्यांत गेली. तो गुडघ्यांवर आला आणि लहान मुलासारखा ओरडू लागला. त्याच्या आजोबांच्या लग्नात मी वरमाईसारखी मिरवले होते. तरीही मी बाटली खाली केली नाही.

पोलीस ठाण्यात आमच्याआधी मारुतराव पोहोचले होते. बाकावर जाईबाई सुरेखाला कुशीत घेऊन बसल्या होत्या.

“वहिनी, घरातलं घरात मिटवू. पोराचं लगीन जमत आलंय.”

“भावजी, सविताच्या वेळी बांधावर तुम्ही बी व्हता. तोंड उघडलं ते जाईबाईंनी.”

त्यांचा आवाज खाली आला. “विहीर सामायिक हाय, वहिनी. कांद्याचं रोप हाय तुमचं. एवढं ध्यानात ठेवा.”

“ठेवलं,” मी म्हणाले आणि हवालदाराकडे वळले. मुलाचे नाव सांगितले, बापाचे सांगितले, माझे नाते सांगितले. कोणत्या हातात ओढणी होती तेही सांगितले. मग सही केली.

दसऱ्याला सोने द्यायला भावकीतले कोणीही आमच्या दारी आले नाही. पाण्याची आमची पाळी आली, तेव्हा विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरच्या पेटीला नवे कुलूप होते. त्याची किल्ली आमच्या घरात नव्हती. आठवडाभरात रोप पिवळे पडले, मग आडवे झाले.

जाईबाई बांधाने आल्या. कोरड्या वाफ्याशी बसल्या, एक काडी उपटून बोटांत चुरली.

“माझा खरीप गेला व्हता,” त्या म्हणाल्या.

“माझा रब्बी.”

त्यांनी हात झाडले आणि माझ्याकडे पाहिले.

“फिटलं, बाई. सगळं फिटलं.”